कोतवाल बुकातली एक ओळ

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की वऱ्हाडातील तहसील कचेऱ्यांच्या व्हरांड्यात पूर्वज शोधणाऱ्यांची गर्दी होते. ही मंडळी वंशवृक्षाच्या हौसेने आलेली नसतात. मुलीला वैद्यकीयला किंवा मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश हवा असतो, त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे असते, आणि त्यासाठी पणजोबांचा अथवा खापरपणजोबांचा कोठेतरी लिहिला गेलेला एक उल्लेख हवा असतो. बाप रजा टाकून आलेला असतो. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत शाळा सोडल्याचे दाखले असतात आणि खिशातल्या चिठ्ठीवर चार पिढ्यांची नावे. आजचा धागा त्या चिठ्ठीविषयी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील नेर परिसरातून ती चिठ्ठी घेऊन निघालेल्या माणसाला इतिहासाच्या किती दारांशी उभे राहावे लागते, आणि ती दारे उघडण्याचे काम त्याच्यावरच का टाकले जाते, हे सांगायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

पहिली अडचण गावाच्या नावापासूनच सुरू होते. ‘नेर’ एकच नाही. आमचे नेर कागदोपत्री ‘नेर परसोपंत’. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात पिंगळाई देवीचे ‘नेर पिंगळाई’ आहे. तिकडे धुळ्याजवळ पांझरेकाठी आणखी एक नेर आहे. जुन्या कागदावर नुसते ‘मौजे नेर’ एवढेच असेल आणि वरच्या मथळ्यातले तालुक्याचे नाव वाळवीने खाल्ले असेल, तर शोध घेणारा भलत्याच घराण्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. नेर पिंगळाईच्या कोणा रामाला आपला खापरपणजोबा समजून महिनाभर आनंदात राहिलेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांची निराशा विनोदी वाटावी अशी होती. त्यांना ती तशी वाटली नाही.

दुसरी अडचण, गाव जागेवर राहिले आणि त्याच्यावरची राज्ये सरकत गेली. १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. पुढे पन्नास वर्षे एकट्या निजामाची. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांच्या हाती गेला, पण प्रदेश नावाला निजामाचाच राहिला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १९०५ पर्यंत आमचा जिल्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव त्यानंतरचे. १९५० मध्ये आपण मध्यप्रदेशात होतो, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. शिवाय नेर हा स्वतंत्र तालुका अलीकडचा. त्याआधी नेर दारव्हा तालुक्यात मोडत असे. म्हणजे एकाच घरात जन्मलेल्या पणजोबा, आजोबा, वडील आणि नातू या चौघांचे कागद चार वेगवेगळ्या शिक्क्यांखाली आहेत, आणि घर एका वितीनेही हललेले नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की नेरच्या माणसाने केवळ नेरच्या कचेरीत शोधून भागत नाही. काही दप्तर दारव्ह्याला राहिलेले असू शकते, काही यवतमाळच्या जिल्हा अभिलेख कक्षात, मोजणीचे कागद भूमि अभिलेख कार्यालयात, खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे, प्रांताच्या काळातील पत्रव्यवहार नागपूरच्या अभिलेखागारात. निजामाच्या अमलातला कागद हाती आलाच, तर त्यावर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. पण सामान्य कुटुंबाचा शोध बहुधा इतका मागे जातच नाही. तो एका वहीपाशी येऊन थांबतो.

ती वही म्हणजे कोतवाल बुक. कोणी तिला कोतवाल पंजी म्हणतात; महसुली भाषेत गाव नमुना नंबर १४. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची ही नोंदवही. रकाने साधे: तारीख, बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर वय आणि कारण. लिहिणारा पाटील किंवा पटवारी. वही घेऊन ठाण्यावर जाणारा कोतवाल, आणि तो बहुतेक गावांत महार समाजाचा असे. ज्या वहीच्या नकलेवर आज नातवंडांची भवितव्ये ठरतात, ती पाठीवर वाहून नेणाऱ्या माणसाला ती वाचता येत होतीच असे नाही.

मला या वहीविषयी आदर वाटतो, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. आपल्याकडे वंशावळी पूर्वीही होत्या. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या प्रसिद्ध आहेत. भाटांच्या पोथ्या आहेत. देशमुख-देशपांड्यांच्या घरी वतनाच्या वादापायी जपलेले कुर्सीनामे आहेत. पण त्या नामावळीत नाव लागण्यासाठी तीर्थयात्रेला जाण्याइतका पैसा आणि उपाध्यायाने ओटीवर घेण्याइतकी जात लागे. कुर्सीनाम्यासाठी वतन लागे. कोतवाल बुकासाठी फक्त जन्मावे आणि मरावे लागे. पाटलाच्या वाड्यातले मूल आणि गावकुसाबाहेरचे मूल एकाच पानावर, एकाखाली एक, एकाच शाईत लिहिले गेले. इंग्रजांना हे समतेपोटी सुचले नव्हते. त्यांना साथीचे रोग मोजायचे होते. इंग्लंडात १५३८ पासून चर्चच्या वह्यांतून गरिबांचीही नावे उतरत गेली, तीही कोणाच्या कुलाभिमानासाठी नव्हे. गरिबाचा इतिहास असा बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी उघडलेल्या वहीत सापडतो.

आता वही वाचण्याविषयी. जुनी पाने पुष्कळदा मोडीत आहेत. मोडीत शब्द सुटे नसतात, ओळ सलग धावते, आणि घाईत लिहिणाऱ्या पटवाऱ्याचा ‘रामा’ आणि ‘नामा’ ओळखणे हे विद्येइतकेच दैवाचेही काम होते. आडनावे बहुधा नसतात. ‘रामा वल्द सोमा, कुणबी’ एवढ्यावर भागते, आणि तेवढ्याच काळात त्याच गावात रामा वल्द सोमा दोन असू शकतात. आडनाव पुढे शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात येते, तेही गुरुजींना जे सुचले ते. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. ‘मुलगा १’ असे लिहिलेले असते. तो मुलगा म्हणजेच आपले आजोबा, हे सिद्ध करायचे तर वय, भावंडांचा क्रम, शाळेतली जन्मतारीख असे सगळे जुळवावे लागते. आणि आईचे नाव तर जवळजवळ कधीच नसते.

आमच्या घरी सांगत, की पणजोबा प्लेगात गेले. त्यांची नोंद मिळाली ती १९१८ च्या ऑक्टोबर महिन्यातली. कारणाच्या रकान्यात ‘ताप’. त्याखाली ‘सदर’, त्याखाली ‘सदर’, पान संपेपर्यंत ‘सदर’. ती मानमोडी होती. जगभर जिला इन्फ्लुएंझाची साथ म्हणून ओळखतात ती. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीने सर्वांत जास्त पोळलेल्या हिंदुस्थानी प्रांतांपैकी एक. प्लेग हे घरातल्या आठवणीत नंतर कोणीतरी घातलेले नाव असावे. पण मला थांबवले ते दुसऱ्याच ओळीने. पणजोबांच्या आधी नऊ दिवस, त्याच बापाच्या नावावर, ‘मुलगा, वय २’. त्या मुलाविषयी आमच्या घरात कोणीच, कधीच, काहीच बोललेले नव्हते. आजोबांना एक भाऊ होता, हे आजोबांना तरी ठाऊक होते की नाही, कोण जाणे. ज्या नकलेसाठी मी अर्ज केला होता तिच्यात ही ओळ येणार नव्हती. जातीच्या पुराव्यासाठी तिचा उपयोग नव्हता.

येथून माझ्या मुद्द्याकडे येतो.

ही वही आज केवळ एकाच प्रयोजनाने उघडली जाते. कायद्याने काही तारखा ठरवून दिल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी अथवा त्याआधी आपले कुटुंब कोठे राहत होते आणि कोण म्हणून नोंदले गेले होते, हे दाखवायचे. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदाला अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले, आणि ते बरोबरच आहे. लाभ नव्हता तेव्हा खोटे लिहिण्याचा मोहही नव्हता. पण या तत्त्वाचा दुसरा परिणाम असा झाला, की ज्याचा कागद जुना त्याची जात खरी, आणि ज्याचा कागद वाळवीने खाल्ला त्याची जात संशयित.

आणि सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ती दावा करणाऱ्याची. प्रमाणपत्रांचा खोटेपणा काही थोडा झालेला नाही, म्हणून हे कलम का आले ते मी समजू शकतो. तरीही चित्र पाहा. वही सरकारने लिहिली. सरकारच्याच कपाटात ती ठेवली गेली. कुलूप सरकारचे, किल्ली सरकारची. छपरातून पाणी गळाले तेही सरकारच्याच छपरातून. आणि त्या वहीतले पान सापडले नाही, तर त्याचा दंड भरायचा तो ज्याने ती वही जन्मात कधी हाती धरली नाही त्याने. ‘सदर वर्षाचे अभिलेख जीर्ण झाल्याने उपलब्ध नाहीत’ असे एका ओळीचे पत्र हाती पडते. ते पत्र देणाऱ्याला काही होत नाही. घेणाऱ्याच्या मुलाचे वर्ष जाते. माझे म्हणणे एवढेच आहे, की अभिलेख जपण्यात राज्याने केलेली हयगय ही अर्जदाराच्या विरुद्धचा पुरावा म्हणून मोजली जाऊ नये. जेथे वही राज्याच्या ताब्यात नष्ट झाली तेथे सिद्धतेचा भार हलका झाला पाहिजे, आणि तो कायद्यात लिहून हलका झाला पाहिजे. समितीच्या सद्भावावर सोडून चालणार नाही.

आमच्या भागापुरते एक उदाहरण देतो, म्हणजे कागदावरचा एक शब्द काय करू शकतो ते कळेल. अनुसूचित जमातींची यादी १९५० मध्ये आली तेव्हा गोंड, आंध यांसारख्या जमातींना ती साऱ्या जिल्ह्यात लागू नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, वणी आणि यवतमाळ याच तहसिली तीत होत्या. दारव्हा नव्हता, पुसद नव्हता. नेर दारव्ह्यात. म्हणजे यवतमाळ तहसिलीतला गोंड हा अनुसूचित जमातीचा, आणि शिवेपलीकडच्या नेरकडचा त्याचा सख्खा मेहुणा नव्हे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रबंधने निघाली. मधली पंचवीस-सव्वीस वर्षे मात्र एका तहसिलीच्या रेषेने दोन भावकींचे नशीब वेगळे केले. त्या काळात शाळेत घातलेल्या मुलांच्या दाखल्यांवर काय लिहिले गेले आणि काय लिहिण्याची कोणाला गरजच वाटली नाही, ते आज त्यांच्या नातवंडांसमोर येते. वहीतला माणूस खोटा नव्हता. रेषा खोटी होती.

ज्यांचे गावच नव्हते त्यांचे काय, हा याहून कठीण प्रश्न. नेर-दारव्हा पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, पारध्यांचे बेडे आहेत. गाव नमुना म्हटला की आधी गाव हवे. तांडा आज येथे, उद्या तेथे. जन्म एका शिवारात, मृत्यू दुसऱ्या. त्यांच्यासाठी कोतवाल बुकात जागा सहसा होत नसे. वाढत्या शोधात आता लोक पोलीस ठाण्याच्या आणि कारागृहाच्या जुन्या नोंदी पाहू लागले आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर पहारा बसवला, त्यांची नावे ठाण्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चढत गेली. तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. आज एखाद्या नातवाला आपला आजोबा हाच आपला आजोबा, हे सिद्ध करायला त्याच आजोबाच्या अटकेचा कागद लागतो. मी याला न्याय म्हणायला तयार नाही, जरी त्या कागदाने काम होत असले तरी.

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीची नेमणूक झाली आणि कुणबी नोंदींचा शोध प्रथम मराठवाड्यात, मग राज्यभर सुरू झाला. त्या निमित्ताने प्रशासनाने स्वतःच्याच कपाटांची जी यादी केली, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावी अशी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, जन्म-मृत्यूचे गाव नमुने, शाळांची जनरल रजिस्टरे, खरेदीखते, इसार पावत्या, बटाई पत्रके, दत्तकपत्रे, कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्या. विदर्भात यात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख धरावेत. राज्याच्या हाती एवढे आहे, हे सामान्य माणसाला तोपर्यंत कोणी सांगितलेले नव्हते. आरक्षणाच्या त्या वादात कोणती बाजू बरोबर, याची चर्चा येथे करीत नाही; तिला वेगळा धागा लागेल. पण एक गोष्ट दिसून आली. मनावर घेतले तर यंत्रणा काही महिन्यांत लाखो पाने चाळू शकते, मोडी जाणणारे शोधू शकते, पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवू शकते. इतकी वर्षे हे अशक्य असल्याचे सांगितले जात होते.

मात्र तेथेही चाळण लावली गेली. एका जातीची नोंद असलेली पाने निवडली गेली. ज्या पानावर ती नव्हती ते पुन्हा रुमालात बांधले गेले. वही हाताळण्याचा, उलगडण्याचा, फाटण्याचा सगळा धोका पत्करून झाल्यावर तिच्यातली मोजकी पानेच टिपायची, हे मला पटत नाही. शेजारच्या पानावर तेली होता, माळी होता, महार होता, मुसलमान विणकर होता. त्यांचेही पणतू कोठेतरी रजा टाकून व्हरांड्यात उभे राहणार आहेत. एकदा वही उघडली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टिपावी, गाववार आणि वर्षवार सूची करावी, आणि ती सूची त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी. सूचीत कोणाच्या जातीचा उल्लेख नसला तरी चालेल, किंबहुना नसावाच. कोणत्या गावाची कोणत्या वर्षाची वही कोणत्या कपाटात आहे आणि कोणती नष्ट झाली आहे, एवढे कळले तरी अर्धे हेलपाटे वाचतील.

मॉरिशसमध्ये मोका येथे महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांचे दप्तर जपलेले आहे. तेथल्या मराठी कुटुंबातला मनुष्य आपल्या कोकणातून गेलेल्या पूर्वजाचे वय, जात, गाव, आणि कधीकधी छायाचित्रसुद्धा त्या दप्तरातून काढू शकतो. समुद्रापलीकडे नेऊन ऊस तोडायला लावलेल्या माणसाचा माग त्याच्या पणतूला लागतो, आणि घर न सोडता नेरलाच कापूस वेचीत राहिलेल्या माणसाचा लागत नाही.

एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो. या वह्या सर्वांना उघड्या केल्या, तर खाडाखोड वाढेल, कोणाची कोणती जुनी नोंद कोणी उकरून काढील, गावात भांडणे लागतील. भीती अगदीच निराधार नाही. जुन्या पानावर नव्या शाईने एखादे अक्षर वाढवल्याची प्रकरणे दक्षता पथकांच्या अहवालांत येतात. पण ही खाडाखोड होते ती बंद खोलीत, मूळ कागदावर, ज्याची दुसरी प्रत कोठेच नसते म्हणून. पानाचे छायाचित्र एकदा निघाले, तारखेनिशी जपले गेले, की नंतर वाढवलेली वेलांटी लपत नाही. लपवलेल्या दप्तरापेक्षा उघडे दप्तर सुरक्षित असते, असे माझे मत आहे.

जे आज शोध घेत आहेत त्यांना एक विनंती. आपली ओळ सापडली की लगेच वही मिटू नका. वरची चार, खालची चार नावे वाचा. एकाच आठवड्यात किती मुले गेली ते पाहा. १९०० च्या दुष्काळाची पाने मिळाली तर तीही पाहा. वऱ्हाडासारख्या सुपीक मुलखाने असा दुष्काळ त्याआधी इंग्रजी अमलात पाहिलेला नव्हता. जातीच्या रकान्यापलीकडे आणखी रकाने आहेत, आणि ते कोणी वाचत नाही.

आमच्या नकलेत पणजीचे नाव नाही. नवरा आणि दोन वर्षांचा मुलगा नऊ दिवसांच्या अंतराने गेल्यावर ती आणखी बरीच वर्षे जगली, म्हणजे तिच्याही मृत्यूची ओळ कोठेतरी असली पाहिजे. पण ‘अमक्याची बायको’ याखेरीज तेथे काही असेल असे वाटत नाही. तिच्या जन्माची नोंद असेल तर ती माहेरच्या गावात, आणि तीही ‘मुलगी १’ अशीच. आत्याला एवढेच आठवते, की ती लाडखेडची होती. लाडखेडही दारव्ह्यातलेच. तिकडचे कोतवाल बुक कोणत्या वर्षापासून शिल्लक आहे, ते सोमवारी जाऊन विचारणार आहे. अर्जात कारण लिहावे लागते. ‘शैक्षणिक कामासाठी’ असे सगळे लिहितात. मी काय लिहावे, ते अजून ठरलेले नाही.